धक्का नसलेल्या किनाऱ्यासाठी

मे २०२३ मध्ये आयएनएस मगर ही रणगाडावाहू नौका छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर कोचीला निवृत्त झाली. जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला चीता, गुलदार आणि कुंभीर या त्याच कामाच्या लहान नौकाही गेल्या. अशा नौका पुन्हा बांधाव्यात का, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने मोठ्या उभयचर युद्धनौकांना तत्त्वतः मान्यता दिल्यावर तो आणखी तापला आहे. एक बाजू म्हणते, काळ्या समुद्रात युक्रेनच्या ड्रोननी रशियाची अशीच जहाजं बुडवली, तेव्हा आता ही बांधणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. दुसरी बाजू म्हणते, चीनकडे आहेत, अमेरिकेकडे आहेत, तर आपल्याकडेही हव्यात, आणि हव्यात तर सर्वांत मोठ्या हव्यात. गंमत नाही, खेद याचा वाटतो की दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: १९४४ चा फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा, समोरून गोळीबार, आणि दार उघडताच पाण्यात उड्या घेणारे सैनिक. ते चित्र आज शक्य आहे की नाही, एवढ्यावरच सगळं भांडण चाललं आहे.

माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. गोळीबारात किनारा जिंकणं हे रणगाडावाहू नौकेचं मुख्य काम कधीच नव्हतं. जिथे धक्का नाही, क्रेन नाही, किंवा कालपर्यंत होती आणि आज उरलेली नाही, अशा जागी शेकडो टन वजन थेट जमिनीवर उतरवून देणं हे तिचं काम. शेकडो बेटं सांभाळणाऱ्या देशाला ही गरज टळत नाही. म्हणून दोन-चार अवाढव्य नौकांची वाट पाहत बसण्यापेक्षा मध्यम आकाराच्या, साध्या, वाळूवर नाक टेकवू शकणाऱ्या नौका आपण आत्ताच बांधायला घ्यायला हव्यात, असं मी ठामपणे म्हणतो.

ही नौका काय करते हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. दाभोळहून धोपाव्याला, वेश्वीहून बागमांडल्याला जंगल जेट्टीने जो गेला आहे, त्याने ते पाहिलेलं आहे. सपाट तळाची बोट खाडी ओलांडते, समोरच्या उतारावर टेकते, पुढची फळी खाली येते, आणि मोटारी, टेम्पो, दुचाक्या आपापल्या चाकांवर उतरून रस्त्याला लागतात. माल उचलायला कुणी लागत नाही, कारण माल स्वतःच चालत जातो. आता हीच बोट सव्वाशे मीटर लांब करा, तिला खाडीऐवजी अख्खा बंगालचा उपसागर ओलांडायला लावा आणि फळीवरून पन्नास टनांचा रणगाडा चालवा. खरी अडचण इथे सुरू होते.

खुल्या समुद्राला पाण्यात खोल गेलेला तळ लागतो, नाहीतर जहाज लाटांवर नुसतं डोलत राहतं आणि वारा नेईल तिकडे सरकतं. किनाऱ्याला नेमकं उलट हवं असतं: सपाट तळ, पाण्यात जेमतेम बुडालेला, पुढे उथळ आणि मागे थोडा खोल, म्हणजे वाळूचा उतार जसा आहे तसाच जहाजाच्या पोटाचा उतार. एकाच जहाजात हे दोन्ही बसवायचं कसं? १९४० मध्ये डंकर्कला आपले रणगाडे टाकून माघार घ्यावी लागली तेव्हा ब्रिटिशांना हा प्रश्न पडला. त्यांनी आधी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरासाठी बांधलेली उथळ तळाची तेलवाहू जहाजं पालटून वापरून पाहिली. उत्तर मात्र नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाज विभागातल्या जॉन नीडरमायर यांनी काही तासांत कागदावर उतरवलं. जहाजाच्या पोटात मोठ्या टाक्या ठेवायच्या. समुद्रात असताना त्या खाऱ्या पाण्याने भरायच्या, म्हणजे जहाज खोल बसतं आणि लाटेला तोंड देतं. किनारा जवळ आला की पंप लावून त्या रिकाम्या करायच्या, म्हणजे जहाज वर येतं. माल भरलेलं शंभर मीटर लांबीचं जहाज अशा रीतीने किनाऱ्याला लागताना नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, जेमतेम सव्वा मीटर पाणी मागायचं आणि मागे तीन मीटर. पाणबुडीतली बुडण्या-तरंगण्याची युक्ती त्यांनी मालवाहू जहाजाला लावली, आणि तीही किती कमी यंत्रं वापरून!

बाकीचे तपशीलही असेच विचार करून बसवलेले. किनाऱ्याला भिडण्याआधी काहीशे मीटरवर मागचा नांगर टाकायचा आणि त्याचा दोर सोडत पुढे जायचं. माल उतरला की तोच दोर यंत्राने गुंडाळत जहाजाने स्वतःला वाळूतून मागे ओढून घ्यायचं. भरती चढत असताना टेकायचं, म्हणजे निघताना पाण्याची मदत मिळते. ओहोटीत टेकलं तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच अडकून राहावं लागतं. आतल्या रणगाडा-डेकवर दार उघडण्याआधीच सगळी इंजिनं चालू करावी लागतात. तेव्हा धुराने आतली माणसं गुदमरू नयेत म्हणून पंखे किती आणि कुठे बसवायचे, हे ठरवायला अमेरिकेत समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, फोर्ट नॉक्सला, जहाजाच्या आतल्या भागाची हुबेहूब इमारत उभारून चाचण्या घेतल्या गेल्या. सपाट तळाची किंमत मोजावीच लागली: जहाज संथ आणि लाटांवर बेसुमार लोळणारं. त्यावरच्या खलाशांनी एलएसटी (लँडिंग शिप, टँक, म्हणजे रणगाडावाहू नौका) या आद्याक्षरांचा अर्थ ‘मोठं, संथ लक्ष्य’ असा लावला होता. पुढे युद्ध संपल्यावर हीच जहाजं भाड्याने घेऊन ब्रिटनमध्ये ट्रक वाहणारी फेरी सुरू झाली आणि त्यातून आजची रो-रो सेवा वाढली. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोटार त्याच कल्पनेवर बसून जाते.

अमेरिकेने महायुद्धात अशी हजारावर जहाजं बांधली. त्यांतली कितीतरी समुद्रकाठच्या गोद्यांत बांधलेलीच नव्हती, कारण त्या गोद्या विमानवाहू नौका आणि विनाशिकांत अडकल्या होत्या. ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठी, मक्याच्या शेतांशेजारी, लोखंडी पूल बांधणाऱ्या कंपन्यांनी ती जोडली आणि मिसिसिपीतून समुद्रात सोडली. एकट्या इव्हान्सव्हिल गावातून १६७ जहाजं गेली. तरीही ती पुरली नाहीत. नॉर्मंडीची चढाई मे १९४४ वरून जूनवर ढकलण्याचं एक मोठं कारण हेच होतं की महिनाभरात आणखी लँडिंग जहाजं हाती येतील. दक्षिण फ्रान्सची चढाई तर त्याच टंचाईमुळे ऑगस्टपर्यंत लांबली. रणगाडे होते, माणसं होती, विमानं होती. दोन साम्राज्यांचं वेळापत्रक अडलं ते या कुरूप, संथ जहाजांच्या संख्येवर. ‘संख्येवर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्याकडे मी परत येणार आहे.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नॉर्मंडीची तालीम चालू असताना जर्मन टॉर्पेडो बोटींनी दोन एलएसटी बुडवल्या आणि सातशेहून अधिक अमेरिकी जवान मेले. तालमीत! ८ जून १९८२ ला फॉकलंड बेटांवर फिट्झरॉयजवळ सर गॅलहॅड आणि सर ट्रिस्ट्रम ही ब्रिटिश जहाजं भरदिवसा माल व माणसं उतरवण्यासाठी थांबली होती. अर्जेंटिनाच्या विमानांनी ती गाठली आणि सर गॅलहॅडवर ४८ जण गेले. आपली मगर याच वर्गातल्या सर लॅन्सलॉटच्या रचनेवर बेतलेली होती, म्हणून हे उदाहरण आपल्याला परकं नाही. आणि मग काळा समुद्र. मार्च २०२२ मध्ये बर्डियान्स्क बंदरात सराटोव्ह नष्ट झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सेवास्तोपोलच्या सुक्या गोदीत मिन्स्क जळालं. त्याच डिसेंबरात फिओदोसियाला नोवोचेरकास्क उद्ध्वस्त झालं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्सेझर कुनिकोव्हला बिनमाणसांच्या बोटींनी तळाशी पाठवलं. ओडेसाच्या किनाऱ्यावर रशियन सैन्य उतरणार, असं युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत सगळं जग म्हणत होतं. सुरुंग आणि किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रं यांच्या धाकाने ते कधीच उतरलं नाही.

यातला निष्कर्ष मी पूर्ण मान्य करतो. ज्या किनाऱ्यावर सावध आणि दारूगोळा राखून असलेला शत्रू बसला आहे, तिथे या नौकेने जाऊ नये. जाईल तर बुडेल.

पण काळ्या समुद्रातली ही यादी पुन्हा एकदा वाचा. चारपैकी तीन जहाजं बंदरात किंवा गोदीत बांधलेली असताना गेली. धक्क्याला लागलेलं कुठलंही जहाज तसंच गेलं असतं. क्रूझर मॉस्क्वा एप्रिल २०२२ मध्ये खुल्या समुद्रात बुडाली, ती काही रणगाडे वाहत नव्हती. बंदराची जागा शत्रूला वर्षानुवर्षं ठाऊक असते, त्याचे निर्देशांक क्षेपणास्त्रात आधीच भरलेले असतात, आणि मोठ्या जहाजाला तिथेच यावं लागतं. ज्या जहाजाला पन्नास किनाऱ्यांपैकी कुठेही टेकता येतं त्याच्या बाबतीत ही खात्री नसते. शिवाय युक्रेनने मर्यादित क्षेपणास्त्रं याच जहाजांवर का खर्ची घातली? क्रायमियाला दारूगोळा पुरवणारा पूल आणि ही जहाजं, हे दोन धागे तोडले की तिथलं सैन्य उपाशी पडेल, हे त्यांना दिसत होतं. निरुपयोगी वस्तूची शिकार इतक्या चिकाटीने कुणी करत नाही. सर गॅलहॅडचा धडाही मला वेगळा दिसतो. तिथे उतरणं लांबलं, तासांमागून तास गेले, आणि वर विमानविरोधी छत्र नव्हतं. उतरण्याचा वेळ कमी करणं हीच त्यावरची मात्रा आहे, आणि थेट वाळूवर दार उघडणारं जहाज ती सर्वांत चांगली देतं.

दुसरा आक्षेप अधिक घरचा आहे, आणि मला तो पहिल्याहून जड वाटतो. आपण हे काम युद्धात एकदा करून पाहिलं आणि ते नीट झालं नाही. डिसेंबर १९७१ च्या मध्यात, पूर्व पाकिस्तानातलं सैन्य ब्रह्मदेशाकडे निसटू नये म्हणून कॉक्स बाजारजवळच्या किनाऱ्यावर गुरखा जवानांची तुकडी उतरवायचं ठरलं. नाव होतं ऑपरेशन बीव्हर. विश्वविजय या व्यापारी जहाजातून जवान आले, आणि समुद्रातच त्यांना घडियाल व गुलदार या आधीच्या पिढीतल्या नौकांवर घेतलं गेलं. किनाऱ्यावर शत्रू नव्हताच. जहाज पुढे गेलं, टेकलं, दार उघडलं. पण ते टेकलं होतं किनाऱ्याआधीच्या वाळूच्या दांड्यावर. दांड्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे खोल पाणी होतं. पहिले उतरलेले जवान पाठीवरच्या ओझ्यासकट त्यात गेले, आणि काही बुडाले. एकही गोळी न सुटता माणसं गेली, ती समुद्राचा तळ माहीत नव्हता म्हणून.

ही हकीकत वाचून कुणी म्हणेल, बघा, आपल्याला हे जमत नाही. मी उलट म्हणतो. किनाऱ्याचा उतार किती, दांडा कुठे, भरतीला तिथे पाणी किती चढतं, वाळू घट्ट आहे की पाय रुततो, ही माहिती कोळ्याच्या पोराला असते आणि नौदलाच्या नकाशावर नसते, तेव्हा असं होतं. घाईत आखलेल्या, तालीम न झालेल्या मोहिमेचा दोष जहाजाच्या माथी कसा मारता येईल? आणि त्या दिवशी ही नौकाच नसती तर ती तुकडी व्यापारी जहाजातून उतरणार कशी होती? दहा वर्षांपूर्वीचं अंजदीव आठवा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी त्या छोट्या बेटावर नौसैनिक उघड्या बोटींतून उतरले, पोर्तुगीजांच्या गोळीबारात सापडले आणि सात जण कामी आले. साधन नसतानाही उतरावं लागतंच. फक्त ते अधिक माणसं घेतं. १९७१ पासून धडा घ्यायचा तर तो किनाऱ्यांच्या सर्वेक्षणाचा आहे. कोकणातल्या, अंदमानातल्या प्रत्येक उतरण्याजोग्या किनाऱ्याची मोजणी दर काही वर्षांनी व्हायला हवी, कारण वाळू एका जागी राहत नाही.

तिसरा आक्षेप शांततेच्या काळाबद्दलचा. रणगाडे उतरवायची वेळ पिढीत एकदा येते, मग बाकीची वर्षं ही नौका काय करते? २०२० चं एक वर्ष घेऊ. मार्चमध्ये शार्दूल ही रणगाडावाहू नौका सहाशे टन तांदूळ घेऊन पुराने झोडपलेल्या मादागास्करला गेली. मे महिन्यात जलाश्व ही मोठी उभयचर नौका आणि मगर यांनी टाळेबंदीत अडकलेल्या भारतीयांना मालदीवमधून कोचीला आणलं. त्याच महिन्यात केसरी औषधं, धान्य आणि डॉक्टर घेऊन मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर आणि कोमोरोसला गेली. जूनमध्ये शार्दूलने इराणमधल्या आपल्या लोकांना पोरबंदरला उतरवलं. वर्षअखेरीस ऐरावत सुदान, जिबुती आणि एरिट्रियाला अन्नधान्य पोचवत होती. यावर टीकाकार म्हणतात की हे सगळं बंदरातून बंदरात झालं. नाळेतलं दार उघडायची गरजच पडली नाही. साध्या मालवाहू जहाजानेही भागलं असतं. अर्धं बरोबर आहे. त्या वर्षी उपयोगी पडलं ते जहाजाचं मोठं मोकळं पोट आणि हुकूम मिळताच निघायची तयारी असलेले खलाशी. दार उपयोगी पडतं ते बंदर नाहीसं झाल्यावर.

आणि बंदरं नाहीशी होतात. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी निकोबारच्या बेटांवर हेच झालं. कार निकोबारचा हवाई तळ लाटेने धुऊन नेला, हवाई दलाचे शंभरावर जवान आणि कुटुंबीय गेले. बेटांवरच्या जेट्टी मोडल्या. इंदिरा पॉइंटची जमीनच चार मीटरच्या आसपास खचली आणि दीपस्तंभ समुद्रात उभा राहिला; उत्तरेकडे काही ठिकाणी तळ वर आला. म्हणजे एका सकाळीत नकाशे खोटे ठरले. अशा बेटावर पिण्याच्या पाण्याचा टँकर, जेसीबी, जनरेटर, फिरतं रुग्णालय कशातून उतरवणार? हेलिकॉप्टरने पोती टाकता येतात, जेसीबी नाही. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्सचं बंदर कोसळलं तेव्हाही मदत बंदराबाहेर तटून राहिली होती. जहाजाच्या नावात रणगाडा आहे म्हणून आपण त्याला फक्त युद्धाशी जोडतो. रणगाडा-डेकला आत काय उभं आहे याने फरक पडत नाही. पन्नास टनांचं यंत्र पेलणारी जमीन तिथे आहे, एवढंच.

‘विमानं आहेत की’ हे उत्तर नेहमी पुढे येतं. आपल्या हवाई दलाकडे सी-१७ ही सर्वांत मोठी मालवाहू विमानं एकूण अकरा आहेत आणि एक विमान एका खेपेत एक रणगाडा नेतं. शार्दूल वर्गातली एक नौका अकरा रणगाडे नेते, वर दहा वाहनं आणि पाचशे सैनिक. अख्ख्या देशाचा ताफा आणि एक मध्यम जहाज. विमान वेगवान आहे हे खरं, पण त्याला खाली शाबूत धावपट्टी लागते, आणि ज्या दिवशी गरज असते त्याच दिवशी ती शाबूत असेल याची हमी कोण देणार?

आता मोठ्या नौकांच्या समर्थकांकडे वळतो, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. मोठ्या उभयचर नौकेचे गुण मी नाकारत नाही. तिच्या पोटात पाणी भरता येणारी गोदी असते, लहान बोटी तिथून निघतात, हेलिकॉप्टरं उतरतात, शस्त्रक्रियागृह असतं, आणि ती स्वतः क्षितिजापलीकडे सुरक्षित राहते. जलाश्वने ते दाखवून दिलं आहे. पण जलाश्व अमेरिकेने १९७१ मध्ये सेवेत घेतलेलं आणि आपण २००७ मध्ये विकत घेतलेलं जुनं जहाज आहे. तिच्यासारखी चार जहाजं घ्यायची निविदा त्यानंतर निघाली, वर्षानुवर्षं रेंगाळली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२१ मध्ये माहिती मागवण्यापासून पुन्हा सुरुवात झाली, आणि २०२५ मध्ये कुठे तत्त्वतः मान्यता आली. मान्यता म्हणजे जहाज नव्हे. या सगळ्या काळात आपण सेवेत घेतलेली शेवटची रणगाडावाहू नौका कोणती? २००९ ची ऐरावत. त्यानंतर आठ छोट्या लँडिंग क्राफ्ट आल्या, त्या अंदमानात उत्तम काम करतात, पण त्यांचा आकार आणि पल्ला बेटाबेटांतल्या फेऱ्यांचा आहे. मोठ्याच्या मोहात मधलं गेलं.

अमेरिका याच वाटेने गेली होती. सत्तरच्या दशकातल्या आपल्या शेवटच्या रणगाडावाहू नौका तिने निवृत्त केल्या, नव्या बांधल्या नाहीत, आणि सारा भरवसा मोठ्या जहाजांवर व हवेच्या गादीवर चालणाऱ्या वाहनांवर ठेवला. दोन दशकांनी पश्चिम पॅसिफिकमधल्या विखुरलेल्या बेटांकडे पाहताना तिच्या मरीन दलाला कळलं की किनाऱ्यावर टेकणारं मध्यम जहाज आपल्याकडे उरलेलंच नाही. नवं आखायला गेले तर मागण्या वाढत गेल्या, किंमत इतकी फुगली की २०२४ च्या अखेरीस निविदा रद्द करावी लागली, आणि शेवटी एका डच कंपनीचा शंभर मीटर लांबीचा तयार आराखडा स्वीकारावा लागला. ऑस्ट्रेलियाने तोच आराखडा २०२३ मध्येच निवडून आठ जहाजांचं काम काढलं होतं. चीन मोठी जहाजं भराभर बांधतो, पण त्याने रणगाडावाहू नौकांचा ताफाही मोडीत काढलेला नाही. आणि २०२५ मध्ये त्याचे पाय रोवून उभे राहणारे, एकाला एक जोडून किनाऱ्यापर्यंत पूल करणारे तराफे जगाने पाहिले. शत्रूचं बंदर धड हाती लागणार नाही, हे गृहीत धरून केलेली ही तयारी आहे.

आणि मराठी माणसाला तर हे परक्यांकडून शिकायचं कारणच नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी रिव्हेंज नावाची मोठी नौका आणि तिच्याबरोबर लहान जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. मोकळ्या समुद्रात समोरासमोर त्या तोफांपुढे मराठ्यांच्या बोटी टिकणं कठीण होतं. पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने थळ-नागावच्या बाजूने, रात्रीच्या अंधारात, उथळ तळाच्या बोटींतून दाणागोटा, माणसं आणि बांधकामाचं सामान बेटावर नेणं थांबवलं नाही. इंग्रजांच्या खोल तळाच्या जहाजांना उथळ पाण्यात पाठलाग करता येईना. काही महिन्यांत त्यांनीच नाद सोडला. पुष्कळ, छोट्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या, एखादी गेली तरी काम न थांबणाऱ्या बोटींनी धक्का नसलेलं बेट जगवलं. एखादं प्रचंड गलबत तेवढंच असतं, तर ते बुडाल्यावर खांदेरीचं काय झालं असतं?

माझ्या बाजूच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांभोवती प्रवाळाचं कडं आहे, तिथे ही नौका टेकवणं म्हणजे तिचा तळ फाडून घेणं. पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून बोटी शाकारून ठेवतात, कारण त्या लाटांत कुणीच किनाऱ्याला लागू शकत नाही. रणगाडावाहू नौकाही नाही. नाळेतलं दार ही कायमची दुबळी जागा आहे. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात एस्टोनिया या प्रवासी फेरीच्या नाळेचं झाकण वादळात उखडलं आणि ८५२ माणसं गेली. म्हणून दाराच्या कड्या, रबर, हायड्रॉलिक यंत्रणा यांच्या देखभालीत हयगय चालत नाही, आणि तो खर्च आयुष्यभराचा असतो. या सगळ्यासकटही हिशेब नौकेच्याच बाजूने राहतो, कारण अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांना दुसरं साधन नाही.

बांधायचं कौशल्य आपल्याकडे नाही असं तर मुळीच नाही. मगर कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली गेली, घडियाल विशाखापट्टणमला. शार्दूल वर्गातल्या तीनही पुन्हा कोलकात्यात, साडेपाच हजार टनांवरच्या, आणि त्यांना किर्लोस्करांची इंजिनं बसवलेली. सपाट तळ, सरळ बाजू, दुहेरी वळणाचे पत्रे कमी: युद्धनौकांमध्ये याहून सोपी जोडणी क्वचितच. दुबळेपणा आहे तो मागणीच्या तालात. मगर १९८७ ला आली आणि तिची बहीण घडियाल १९९७ ला, जवळपास दहा वर्षांनी. मग आणखी दहा वर्षं काही नाही. मग सुमारे अडीच वर्षांत तीन. मग पुन्हा शांतता, ती आजतागायत. इतक्या अंतराने काम मिळालं तर वेल्डरचा हात, आराखडा करणाऱ्याची नजर, दाराची यंत्रणा बनवणारा छोटा पुरवठादार, यांतलं काहीच टिकत नाही. दर वेळी शाळा पहिलीपासून सुरू होते. मधल्या आकाराच्या नौकेची ऑर्डर दोन गोद्यांना विभागून, दर दीड-दोन वर्षांनी एक, अशी सलग दिली तर कोलकाता, गोवा किंवा विशाखापट्टणम यांपैकी कुणालाही ती जड नाही. मोठ्या नौकांचं काम त्याच्या शेजारी चालू राहू द्यावं.

आज आपल्या हाती चार रणगाडावाहू नौका आहेत: घडियाल, शार्दूल, केसरी, ऐरावत. मगरला मिळालं तेवढं, म्हणजे छत्तीस वर्षांचं आयुष्य घडियालला मिळालं, तर ती २०३३ मध्ये उतरेल. तिच्या जागी येणाऱ्या नौकेचा पहिला पत्रा अजून कापलेला नाही.